चिक चॉकलेट : एका ट्रंपेटवादकाचे जीवन

जयपूरसारख्या शहरात लग्नसराईच्या दिवसांत सायंकाळी एखादी वरात रस्त्यावर आली, की तिच्या अग्रभागी बँडवाले असतात. भरजरी गणवेश, डोक्यावर तुरेदार फेटे, आणि दिव्यांच्या उजेडात चकाकणारी पितळी वाद्ये हे दृश्य राजस्थानात जितके परिचित, तितकेच ते महाराष्ट्रातही परिचित आहे. या ताफ्यात पुष्कळदा गायिकेची जागा ट्रंपेट घेतो. जुने एखादे हिंदी चित्रपटगीत वाजू लागले, की वऱ्हाडी मंडळींना चित्रपटाचे नाव आठवते, गायिकेचे आठवते, संगीतदिग्दर्शकाचेही आठवते. मूळ ध्वनिमुद्रणात ट्रंपेट कोणी वाजविला होता, हे विचारावे असे मात्र सहसा कोणाच्या मनात येत नाही.

सन १९५० च्या सुमारास लोकांच्या ओठी बसलेल्या काही गीतांपुरता हा प्रश्न विचारला, तर त्याचे उत्तर आपल्याला गोव्यातील बार्देश तालुक्यात हळदोणे या गावी घेऊन जाते. या गावी १९१६ साली अंतोनियो शाव्हिएर वाझ यांचा जन्म झाला. मुंबईच्या हॉटेलांत आणि चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणकक्षांत ते ‘चिक चॉकलेट’ या नावाने ओळखले जात. अमेरिकेतील जाझ आणि क्यूबा, ब्राझील या देशांतील नृत्यसंगीत हिंदी चित्रपटगीतांत मिसळून गेले, त्या घडामोडीत त्यांचा वाटा मोठा होता. त्यांच्या जीवनाचा वृत्तान्त हा एका वाद्याच्या प्रवासाचा वृत्तान्त तर आहेच; पण संगीत घडविणारा आणि संगीतावर ज्याचे नाव लागते तो, यांच्यात पडणाऱ्या अंतराचाही तो वृत्तान्त आहे.

हळदोण्याहून मुंबईस

हळदोणे हे म्हापसा नदीच्या काठचे गाव. तेथील सेंट टॉमसचे चर्च सोळाव्या शतकाच्या अखेरीचे आहे. पोर्तुगीज अमलात गोव्यातील चर्चच्या आश्रयाने पाठशाळा चालत आणि त्यांत मुलांना संगीत शिकवीत. प्रार्थनेच्या वेळी गाणारा गायकवृंद आणि व्हायोलिन वाजविणारे वादक गावातच तयार व्हावेत, हा त्यामागील मूळ हेतू होता. गुरुजींना ‘मेस्त्र’ म्हणत. मुलाने प्रथम ‘दो, रे, मी’ या पद्धतीने स्वर वाचण्यास शिकावयाचे आणि मग वाद्य हाती घ्यावयाचे, असा क्रम असे. गावच्या फेस्ताला पितळी वाद्यांचा बँड वाजे. अशा रीतीने पाच रेघांच्या पाश्चात्य स्वरलिपीचे वाचन आणि लेखन ही गोव्यातील कित्येक कुटुंबांत अक्षरओळखीइतकीच सहज गोष्ट झाली.

या विद्येला गोव्यात चरितार्थाचे साधन म्हणून फारसा वाव नव्हता. शेतजमीन थोडी, उद्योगधंदे नाममात्र. त्यामुळे तरुण मंडळी ब्रिटिश हिंदुस्थानची वाट धरीत. गोव्याच्या माणसाच्या दृष्टीने मुंबईस जाणे म्हणजे कायद्याने एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणे होते. ही स्थिती डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त होईपर्यंत टिकली. मुंबईत धोबीतलाव व आसपासच्या भागांत गोव्याच्या गावागावांचे ‘कूड’ असत. एकेका गावच्या लोकांनी मिळून चालविलेली ही वसतिस्थाने होती. एक पेटी आणि अंथरुणापुरती जागा एवढ्यावर तेथे माणूस राहू शके. स्वयंपाकी, खलाशी, शिंपी आणि वादक असे सर्वजण एकाच छपराखाली असत. पोलीस बँड, संस्थानिकांचे बँड, मूकपटांच्या काळातील चित्रपटगृहे, थंड हवेच्या ठिकाणची हॉटेले, रंगून आणि कलकत्ता येथील नृत्यगृहे या साऱ्या ठिकाणी गोव्याचे वादक पोहोचले होते.

अंतोनियोने मेकॅनिक व्हावे आणि चार लोकांत मान राहील अशी नोकरी धरावी, अशी त्याच्या आईची इच्छा होती. ती अवाजवी म्हणता येणार नाही. वादकाला पगार असे तो हंगामापुरता. हंगाम संपला की पुन्हा कूड आणि पुन्हा कामाचा शोध. परंतु मुलाचे चित्त संगीताकडेच ओढ घेत होते. ‘स्पॉटलाइट्स’ नावाच्या एका वादकपथकातून त्याने आपल्या व्यवसायास आरंभ केला.

रंगमंचावर येताना गोव्याचे वादक पुष्कळदा नाव बदलीत. फ्रँकलिन फर्नांडिस हे ‘फ्रँक फर्नांड’ झाले, पेरेरा हे ‘ख्रिस पेरी’ झाले. हॉटेलातील गिऱ्हाईक युरोपीय, पारशी किंवा इंग्रजी वळणाचे. त्याच्या जिभेवर सहज बसेल आणि जाहिरातीत उठून दिसेल असे नाव घेणे हा धंद्याचाच भाग होता. वाझ यांनी घेतलेले नाव तर एखाद्या मिठाईच्या वेष्टनावर शोभावे असे होते. बाप्तिस्म्याच्या वेळी मिळालेले नाव चर्चच्या वहीत राहिले आणि जगाला ठाऊक झाला तो चिक चॉकलेट.

तीन कळांचे वाद्य

पुढील भाग समजण्यासाठी ट्रंपेट या वाद्याची थोडी ओळख करून घेणे आवश्यक आहे. आपल्याकडील तुतारी आणि ट्रंपेट यांचे कूळ एकच. वादक मुखनळीवर ओठ घट्ट धरून हवा सोडतो, ओठ थरथरतात आणि नळीतील हवेचा स्तंभ कंप पावतो. नुसत्या नळीतून, ओठांचा ताण कमीअधिक करून, ठरावीक अंतरावरचे मोजकेच स्वर निघतात. म्हणूनच तुतारीवर ललकारी होते, गाणे होत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या नळीला कळा बसविण्याची युक्ती निघाली. कळ दाबली की हवा नळीच्या एका जादा वेटोळ्यातून फिरून जाते, स्तंभ लांब होतो आणि स्वर उतरतो. मधली कळ स्वर एका अर्धस्वराने उतरविते, पहिली दोन अर्धस्वरांनी आणि तिसरी तीन अर्धस्वरांनी. या तीन कळांच्या निरनिराळ्या मेळांतून बाराही स्वर हाती येतात.

सामान्यतः वापरल्या जाणाऱ्या ट्रंपेटची नळी सरळ केली, तर ती सुमारे दीड मीटर भरेल. या वाद्याचे एक वैशिष्ट्य असे, की त्यासाठी कागदावर लिहिलेला स्वर प्रत्यक्षात पूर्ण एका स्वराने खाली ऐकू येतो. म्हणून व्हायोलिन, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन आणि ट्रंपेट यांचा मेळ बांधणाऱ्याला प्रत्येक वाद्याचा कागद त्या त्या वाद्याच्या हिशोबाने वेगळा लिहावा लागतो. हा हिशोब ज्याला डोळे मिटून करता येतो, तोच वाद्यवृंदाची रचना करू शकतो. मेस्त्राच्या शाळेतून निघालेल्या वादकांचे सामर्थ्य नेमके येथे होते.

ग्रीन्स आणि ताज

मुंबईच्या हॉटेलांत जाझ संगीत रुजले ते १९३० नंतरच्या दशकात. १९३५ च्या सुमारास लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय अमेरिकी वादकाचे पथक ताजमहाल हॉटेलात आले. त्याच्या मागोमाग क्रिकेट स्मिथ हा ट्रंपेटवादक आणि टेडी वेदरफर्ड हा पियानोवादक येथे वाजवू लागले. स्वदेशात वर्णभेदामुळे मिळणारी वागणूक सोडून आलेल्या या कलावंतांशेजारी बसून गोव्याच्या वादकांना कागदावर न लिहिलेले संगीत शिकता आले. कागदावरील स्वर शुद्ध वाजविणे त्यांना येतच होते. ऐन वेळी सुचेल तसे स्वर विस्तारीत जाणे हे त्यांना नवे होते. ख्यालगायकाच्या आलापीशी परिचित असलेल्या मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये.

चिक चॉकलेट यांनी गुरुस्थानी मानले ते लुई आर्मस्ट्राँग या न्यू ऑर्लिन्सच्या ट्रंपेटवादकाला. तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटे मावत. तेवढे ऐकून, पुन्हा सुई आरंभी ठेवून, वादनाचा एकेक बारकावा उचलावयाचा, अशी ही एकलव्याची साधना होती. आर्मस्ट्राँगचा घोगरा आवाज, पांढऱ्या रुमालाने कपाळ टिपण्याची लकब, वाद्य आकाशाकडे रोखून घेतलेला अखेरचा उंच स्वर, हे सारे त्यांनी आत्मसात केले. लोक त्यांना ‘भारताचा लुई आर्मस्ट्राँग’ म्हणू लागले. या बिरुदात गौरव होता. त्याचबरोबर हा माणूस दुसऱ्या कोणाची तरी प्रतिमा आहे, अशी सूचनाही त्यात होती.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबई बंदरात दोस्त राष्ट्रांच्या सैनिकांची वर्दळ वाढली आणि नृत्यसंगीताला मोठी मागणी आली. १९४५ साली चिक चॉकलेट यांच्या ‘म्युझिक मेकर्स’ या पथकाने इतर बारा पथकांना मागे टाकून ग्रीन्स हॉटेलातील करार मिळविला. अपोलो बंदरावर ताजमहाल हॉटेलाला लागून हे ग्रीन्स होते. ते आज अस्तित्वात नाही, त्या जागी ताजची मनोऱ्याची इमारत १९७३ पासून उभी आहे. पुढे त्यांचे पथक खुद्द ताजमध्ये वाजवू लागले. मुंबईतील वादकांच्या दृष्टीने ते व्यवसायाचे शिखर होते.

टिपऱ्यांचा ठेका

हॉटेलातील पथकाला केवळ जाझ वाजवून भागत नसे. वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट आणि टँगो यांच्या जोडीला आता रुंबा आणि सांबा हे दोन नाच आले होते. रुंबा या नावाने प्रसिद्ध झालेले संगीत मूळचे क्यूबा बेटातील. स्पॅनिश गीत आणि गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांचा ताल यांच्या संयोगातून ते तेथे जन्मले. त्याच्या मुळाशी दोन लाकडी दांडक्यांचा ठेका असतो. ही दांडकी म्हणजे आपल्या टिपऱ्याच म्हणावयास हरकत नाही. सोळा समान मात्रांचे एक आवर्तन कल्पिले, तर या टिपऱ्यांचे आघात पहिल्या, चौथ्या, सातव्या, अकराव्या आणि तेराव्या मात्रेवर पडतात. मात्रा तीनतालाइतक्याच; परंतु तीनतालाचे विभाग चार-चार मात्रांचे, तर येथे तीन, तीन, चार, दोन आणि चार अशी विषम विभागणी. पाय सम शोधीत असतात आणि टिपरी त्यांना किंचित हुलकावणी देते. या हुलकावणीतच नाचण्याची ऊर्मी निर्माण होते. जोडीला बोंगो व काँगा हे हाताने वाजविण्याचे ढोल आणि माराका म्हणजे खुळखुळे असतात. १९२७ च्या सुमारास हवानामधील पथकांनी या मेळात ट्रंपेट घेतला आणि तेव्हापासून गायकाच्या ओळीला उत्तर देण्याचे काम या वाद्याकडे आले.

१९३० साली दोन अस्पियासू याच्या क्यूबन पथकाने न्यूयॉर्कमध्ये ‘एल मानिसेरो’ म्हणजे ‘शेंगदाणेवाला’ हे गीत ध्वनिमुद्रित केले आणि पाहता पाहता रुंबाची लाट जगभर पसरली. अमेरिकेत झाव्हिएर कुगात आणि लंडनमध्ये त्रिनिदादचा एडमंडो रॉस यांची पथके लोकप्रिय झाली. पोर्तुगालमध्ये जन्मलेली आणि ब्राझीलमध्ये वाढलेली कार्मेन मिरांडा हॉलिवुडच्या चित्रपटांतून सांबा गाऊ लागली. ब्राझील आणि गोवा ही एकेकाळी एकाच पोर्तुगीज सत्तेची अंगे. तरी गोव्याच्या वादकाला सांबा भेटला तो लिस्बनमार्गे नव्हे. लंडन आणि न्यूयॉर्कच्या तबकड्या, छापील स्वरलिपी आणि अमेरिकी बोलपट यांच्याद्वारे तो मुंबईस पोहोचला होता.

याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये हवानाचा एक ट्रंपेटवादक, मारियो बाउसा, क्यूबन ठेका आणि जाझ यांची सांगड घालीत होता. ज्या पथकाचा तो संगीतदिग्दर्शक होता, ते मात्र त्याचा मेहुणा माचितो याच्या नावाने ओळखले जाई. मुंबईतील त्याच्या समव्यवसायी बंधूच्या वाट्याला येणारा अनुभव याहून फारसा निराळा नव्हता.

चितळकरांची साथ

रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच संगीतदिग्दर्शक सी. रामचंद्र, यांचा जन्म १९१८ साली नगर जिल्ह्यातील पुणतांबे येथे झाला. विनायकबुवा पटवर्धनांकडे त्यांनी शास्त्रोक्त गायनाचे धडे घेतले होते. अशा या कलावंताला पाश्चात्य नृत्यसंगीताचेही विलक्षण आकर्षण होते. १९४७ च्या ‘शहनाई’ या चित्रपटातील त्यांच्या रविवारच्या गाण्याने सनातनी रसिकांच्या भुवया उंचावल्या आणि तरुणांनी ते डोक्यावर घेतले. त्यांना हवा तो रंग आणण्यासाठी नृत्यगृहातील संगीत आतून जाणणारा सहकारी हवा होता. चिक चॉकलेट यांच्या रूपाने त्यांना तो मिळाला.

त्या काळी गीत कसे तयार होई, हे पाहिले म्हणजे सहायकाच्या कामाचे स्वरूप स्पष्ट होते. संगीतदिग्दर्शक पेटीवर चाल बांधी आणि ती गाऊन दाखवी. सहायक ती स्वरलिपीत उतरवून घेई. गीताचा प्रारंभ कसा व्हावा, दोन कडव्यांच्या मध्ये कोणते वाद्य काय बोलेल, गायिकेच्या स्वराखाली इतर वाद्यांनी कोणते स्वर धरावेत, यांची योजना पुष्कळ अंशी त्याच्याकडे येई. मग प्रत्येक वादकासाठी स्वतंत्र कागद लिहावयाचा. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी गायक आणि वादक एकाच वेळी, एकाच दालनात गात-वाजवीत. कोणाचा आवाज पुढे यावा आणि कोणाचा मागे राहावा, हे मायक्रोफोनपासूनच्या अंतरावर ठरे. ट्रंपेटसारख्या तारस्वर वाद्याला अर्थातच दूरची जागा मिळे. एकाचे चुकले तर सर्वांना आरंभापासून पुन्हा वाजवावे लागे.

१९५० च्या ‘समाधी’ या चित्रपटाचे कथानक आझाद हिंद सेनेच्या पार्श्वभूमीवर रचलेले होते. त्यातील लता मंगेशकर आणि अमीरबाई कर्नाटकी यांच्या आवाजातील ‘गोरे गोरे’ या गीतात लॅटिन अमेरिकी ठेका आहे, आणि त्याची चाल एडमंडो रॉसच्या एका प्रसिद्ध गीतावरून घेतलेली आहे. दुसऱ्याच वर्षी भगवान पालव, म्हणजेच भगवानदादा, यांचा ‘अलबेला’ प्रदर्शित झाला. एका गरीब माणसाला नट होण्याचा ध्यास लागतो, अशी त्याची कथा. पिलू रागाची छाया असलेली अंगाई आणि बोंगो, सॅक्सोफोन, ट्रंपेट यांनी पेटलेले ‘शोला जो भडके’ ही दोन्ही गीते या एकाच चित्रपटात शेजारी शेजारी नांदतात. चिक चॉकलेट यांचे पथक ‘अलबेला’त पडद्यावरही दिसते. झालरीच्या बाह्यांचे क्यूबन धाटणीचे सदरे घातलेले हे वादक बहुतेक गोव्याचे; ते वाजवीत आहेत हिंदी गीत, आणि त्यावर नाचत आहे दादरच्या कामगार वस्तीत वाढलेला मराठी नट. मुंबई या शहराचा स्वभाव इतक्या थोडक्यात सांगणारे दुसरे दृश्य शोधूनही सापडणे कठीण आहे.

या संगीताविषयी दोन आक्षेप घेतले जात. पहिला उचलेगिरीचा. ‘गोरे गोरे’सारख्या गीताच्या बाबतीत तो खोडून काढता येणार नाही. परंतु मूळ चाल आणि हिंदी गीत एकापाठोपाठ ऐकले, तर उसने घेतलेल्या सांगाड्यावर कितीतरी नवे मांस चढल्याचे ध्यानात येते. शब्दांची फेक हिंदी, दोघींच्या आवाजातील सवाल-जबाबाची ढब येथल्या लोकरंजनातली, आणि वाद्यांची उत्तरे या शब्दांना दिलेली. दुसरा आक्षेप परकीयपणाचा. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात नभोवाणीमंत्री झाले आणि त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली. श्रोते तेव्हा रेडिओ सिलोनकडे वळले. अभिजात संगीताचा प्रसार व्हावा ही केसकरांची तळमळ खोटी नव्हती. पण व्हायोलिन आणि पेटी ही वाद्येही एकेकाळी परकीच होती, आणि ज्या मुलाच्या गावात चार शतके चर्चचे संगीत गायिले गेले, त्याला ट्रंपेट परका म्हणून सांगणार कोण, हा प्रश्नही तितकाच खरा होता.

नावाचा प्रश्न

चिक चॉकलेट यांनी स्वतंत्रपणे संगीतदिग्दर्शन करण्याचाही प्रयत्न केला. देव आनंद व मधुबाला यांचा ‘नादान’ (१९५१) आणि त्यानंतरचा ‘रंगीली’ (१९५२) हे चित्रपट त्यांच्या नावावर आहेत. ‘कर भला’ (१९५६) ला त्यांनी निसार बझ्मी यांच्यासमवेत संगीत दिले. या चित्रपटांनी त्यांना संगीतदिग्दर्शक म्हणून स्थैर्य मिळवून दिले नाही. गुणवत्तेची उणीव हे याचे एकमेव कारण मानणे न्याय्य होणार नाही. संगीतदिग्दर्शकाला उर्दू-हिंदी काव्याची जाण लागते, निर्मात्यांच्या बैठकीत ऊठबस लागते, आणि पेटी पुढे ओढून दोन ओळी गाऊन समोरच्याला जिंकण्याची हातोटी लागते. गोव्याचा वादक कोकणीत विचार करी, इंग्रजीत व्यवहार करी आणि स्वर कागदावर लिही. त्याचे कौशल्य सर्वांना हवे होते. त्याची भाषा मात्र त्या बैठकीची भाषा नव्हती.

तेव्हा तो सहायक राहिला. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड हे याच परंपरेतील कलावंत. चित्रपटाच्या आरंभी त्यांच्यापैकी एखाद्याचे नाव बारीक अक्षरांत ‘सहायक’ म्हणून झळके. तबकडीवर तर तेवढेही नसे. वादकांच्या वाट्याला अनामिकताच येई. संगीतदिग्दर्शकाचे श्रेय यामुळे खोटे ठरत नाही. चाल त्याची, जबाबदारी त्याची, आणि कोणत्या गीताला कोणता रंग द्यावयाचा ही निवडही त्याचीच. पण श्रोत्याच्या मनात जे गीत म्हणून राहते, त्यात ट्रंपेटची ती पहिली ललकारीही असते, आणि ती कोणाच्या श्वासातून निघाली याची नोंद ठेवण्याची रीतच पडली नाही. परंपरेने घराण्याचे नाव, गुरूचे नाव, बंदिशीत रचनाकाराची मुद्रा जपणाऱ्या या देशात असे व्हावे, ही खेदाची गोष्ट होय.

काहींनी यातून स्वतःची वाट काढली. अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात भारतीय रागांवर आधारलेले वाद्यवृंदाचे संगीत आपल्या नावाने सादर केले. फ्रँक फर्नांड यांनी १९६३ साली ‘आमचें नशीब’ हा कोकणी चित्रपट काढला. चिक चॉकलेट यांची वाट मात्र शेवटपर्यंत रंगमंच आणि ध्वनिमुद्रणकक्ष यांच्यामधून गेली.

अखेरची वर्षे

काळ पालटत होता. १९४९ च्या कायद्यान्वये मुंबई राज्यात दारूबंदी आली आणि नृत्यगृहांचे उत्पन्न घटले. पुष्कळ वादकांना चित्रपटातील कामावरच विसंबावे लागले. एका अर्थी या कायद्याने हॉटेलातील संगीत चित्रपटाकडे लोटले. १९६० नंतर विजेच्या गिटारी आल्या. दहा-अकरा वादकांच्या पथकाचे काम चार तरुण करू लागले, आणि मोठी पथके पोसणे हॉटेलमालकांना जड वाटू लागले.

१९६६ साली चेतन आनंद यांचा ‘आखरी खत’ प्रदर्शित झाला. खय्याम यांनी संगीत दिलेल्या या चित्रपटात रात्रीच्या क्लबमधील एक गीत आहे. तरुण भूपिंदर ते पडद्यावर गातात, आणि त्यांच्या समवेत ट्रंपेट घेतलेले चिक चॉकलेट दिसतात. ‘अलबेला’तील नखरा येथे नाही. लय संथ आहे, ट्रंपेटचा स्वर मृदू आहे, आणि गाणाऱ्याची ओळ पुरी होऊ देऊन मगच तो बोलतो. आर्मस्ट्राँगची नक्कल करणारा वादक म्हणून ज्याची ओळख झाली, त्याचा स्वतःचा आवाज कसा होता, हे जाणून घेऊ इच्छिणाऱ्याने ही काही मिनिटे लक्षपूर्वक ऐकावीत.

दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १९६७ साली, चिक चॉकलेट यांचे निधन झाले. त्यांनी वयाची पन्नाशी नुकतीच ओलांडली होती. सी. रामचंद्र १९८२ साली गेले. ‘अलबेला’ने मिळवून दिलेले वैभव पुढे हरवून बसलेले भगवानदादा २००२ साली दादरच्या चाळीतील आपल्या खोलीत निवर्तले. या वादकांची कथा सविस्तर सांगितली जाण्यासाठी मात्र नवे शतक उजाडावे लागले. ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने वृद्ध वादकांच्या मुलाखतींवर आधारलेला ग्रंथ २००८ साली प्रसिद्ध केला आणि पत्रकार नरेश फर्नांडिस यांनी २०१२ साली मुंबईतील जाझचा इतिहास लिहिला. तोवर मूळ वादकांपैकी बरेचसे काळाच्या पडद्याआड गेले होते.

वरातीतील बँडवाला आजही ‘शोला जो भडके’ची मागणी झाली, की ते वाजवितो. पुष्कळ बँडवाल्यांना स्वरलिपी वाचता येत नाही. उस्तादाकडून वा ध्वनिमुद्रण ऐकून ते चाल उचलतात, जशी एकेकाळी हळदोण्याच्या त्या मुलाने आर्मस्ट्राँगच्या तबकडीवरून उचलली होती. ओळ संपताना ट्रंपेटचा जो छोटासा झोत येतो, तोही ते चुकवीत नाहीत, कारण त्यावाचून गीत अपुरे वाटते हे वाजविणाऱ्याला कळते आणि नाचणाऱ्यालाही कळते. तो झोत अंतोनियो शाव्हिएर वाझ यांच्या पिढीने या गीतांत घातला. त्या स्वरांबरोबर त्यांची नावेही लोकांपर्यंत पोहोचावीत, एवढेच काय ते करावयाचे उरले आहे.